पावसाळ्यानंतर गाडीचा कापडी टप उघडत नाही. पूर्ण पंप बदलावा का?

आपण लिहिले आहे की, साताऱ्यातील आपल्या २००४ च्या बीएमडब्ल्यू झेड-फोरचा विजेवर चालणारा टप या पावसाळ्यानंतर बंद पडला आहे, बटण दाबल्यावर दिवा लुकलुकतो पण कसलाही आवाज येत नाही, गाडी बहुतेक वेळ गुलमोहराखाली उभी असते आणि गॅरेजने अख्खा पंप बदलण्यास सांगितले आहे. मी सांगलीत वाहनांच्या वायरिंगची कामे करतो. पाणी कोठे साचले आहे हे पाहिल्याशिवाय नवा पंप घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निचरा तुंबलेलाच राहिला, तर नवा पंपही पुढच्या पावसाळ्यात त्याच पाण्यात बुडेल.

२००२ ते २००८ दरम्यान निघालेल्या या पहिल्या पिढीच्या झेड-फोरमध्ये हा दोष वारंवार आढळतो. टपाच्या चौकटीला तेलाच्या दाबाने हलवणारा हायड्रोलिक पंप आणि त्याची मोटर सीटच्या मागे, डाव्या बाजूला, टप घडी होऊन बसतो त्या कप्प्याच्या तळाशी असते. टपावरून ओघळणारे पाणी याच खोलगट जागेत उतरते आणि तळाच्या निचऱ्याच्या नळीतून गाडीखाली जाते. गुलमोहराची बारीक पाने धुळीबरोबर त्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसली की तेथे चिखलाचा घट्ट बोळा तयार होतो, पाणी वर चढते, आणि आवाज दाबण्यासाठी पंपाभोवती दिलेले फोमचे आवरण ते शोषून धरते. त्यामुळे वरून सारे कोरडे दिसत असतानाही मोटर आत गंजत राहते.

तरीही सुरुवात सोप्या गोष्टींपासून करावी. डिकीत टपासाठी राखलेला कप्पा सामान ठेवण्यासाठी वर उचललेला असेल, तर टप चालत नाही. तो पूर्ण खाली असल्याची खात्री करावी. त्यानंतर बॅटरी पाहावी. गाडी काही तास बंद राहिल्यावर तिच्यावर साधारण १२.६ व्होल्ट मिळायला हवेत. ते बरेच कमी असतील, तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा प्रयत्न करावा. पुढच्या सर्व चाचण्या शक्यतो इंजिन चालू ठेवून, मोकळ्या हवेत कराव्यात, कारण ही मोटर बराच करंट ओढते.

आता आवाजाकडे लक्ष द्यावे. मोटरीची घरघर ऐकू येते पण टप हलत नाही, अशी स्थिती असती तर तेल कमी होणे, नळी गळणे किंवा सिलिंडरचे सील जाणे असा संशय घेतला असता. टप अर्ध्यावर येऊन थांबत असता, तर चौकटीची स्थिती कळवणारा एखादा सेन्सर किंवा स्विच पाहावा लागला असता. त्यासाठी मात्र केवळ इंजिनचे कोड वाचणारा साधा स्कॅनर पुरत नाही, बीएमडब्ल्यूचे सर्व मोड्यूल, म्हणजे गाडीतील वेगवेगळे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, वाचणारा लागतो. आपल्याकडे आवाजच नाही, म्हणून मोटरीच्या सॉकेटवर मीटर लावून दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगावे. तेथे १२ व्होल्टच्या आसपास वीज पोहोचत असेल आणि मोटर गप्प असेल, तर दोष मोटरीत आहे. वीज पोहोचतच नसेल, तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), सेन्सर आणि वायरिंग तपासावे. अशा वेळी नवा पंप आणूनही काहीही बदलणार नाही. ही एक चाचणी केल्याशिवाय पंपाचे पैसे देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगतो.

मोटरीतच दोष निघाला, तरी ती लगेच टाकून देऊ नये. पंपापासून वेगळी करून उघडल्यावर बहुधा कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) गंजाने अडकलेले आणि ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर काळा पडलेला दिसतो. शेतीपंपाच्या मोटरी आणि गाड्यांचे स्टार्टर दुरुस्त करणारे कसबी कारागीर आपल्या भागात आहेत. आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळालेले नसेल, तर कार्बन बदलून आणि सफाई करून मोटर पुन्हा चालते. तेलाच्या बाबतीत मात्र ट्रॅक्टरचे किंवा जेसीबीचे तेल भरू देऊ नये, आणि ब्रेक ऑइल तर मुळीच नाही, कारण त्याने सील फुगून निकामी होतात. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच तेल वापरावे.

निचऱ्याच्या नळीत कडक तार खुपसू नये, नळी फाटते. लवचीक प्लास्टिकची दोरी हळूहळू सारावी, मग तांब्याभर पाणी ओतून ते गाडीखाली वाहताना दिसते का ते पाहावे. भिजलेला फोम काढून टाकावा. पंप बाहेर काढलेलाच असेल, तर नळ्या आणि वायर पुरतात का ते पाहून तो डिकीत कोरड्या जागी बसवून घ्यावा. या मॉडेलचे अनेक मालक तसे करतात आणि मलाही तो उपाय सर्वांत पक्का वाटतो.

तोपर्यंत टप हाताने बंद करायचा असल्यास मालकाच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच करावा. चौकट जोर लावून ओढल्यास वाकते आणि वाकलेली चौकट सरळ करणे पंपापेक्षा महाग पडते. चौकटीच्या सांध्यांत बोटे घालून काम करताना चावी गाडीत ठेवू नये.