सुऱ्या बनवायला बेल्ट ग्राइंडर घ्यायचाय. विक्रेत्याची सर्व्हिस आधीच कशी ओळखायची?
पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: आयडलर चाकात (बेल्टला आधार देणारं, मोटर न जोडलेलं मोकळं चाक) कोणत्या नंबरचं बेअरिंग आहे, प्लॅटन (बेल्टमागची सपाट पट्टी) झिजली तर वेगळी विकत मिळते का? जो पटकन सांगतो, त्याच्याकडे पुढेही दाद लागते. ‘सर, सगळं ए-वन आहे’ एवढंच ऐकू आलं तर दुसरा बघा.

वॉरंटीत मोटरबरोबर व्हीएफडीही (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर) येतो का, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. लोखंडाची बारीक धूळ उघड्या व्हीएफडीत शिरली की तो उडतो, आणि मग ‘तुम्हीच नीट वापरला नाही’ सुरू होतं.

मशीन शक्यतो २ × ७२ इंची बेल्टचं, दीड-दोन एचपीचं घ्या. चालू मशीनचा व्हिडिओ मागवा; बेल्ट चाकावर इकडे-तिकडे सरकत असेल तर पात्याचा उतार एकसारखा येणार नाही. रंगरंगोटीला भुलू नका.