व्हँपायरला 'वेताळ' म्हणावे का?

फोंड्याहून एका वाचकाने विचारले आहे : मुलांसाठी भयकथा अनुवादित करताना 'व्हँपायर'साठी 'वेताळ' चालेल का?

नाही चालणार, आणि गोव्यात तर मुळीच नाही. आमोणे, लोलये, प्रियोळ इथे वेताळाची, बोलीत बेताळाची, देवळे आहेत. रात्री गावाची राखण करत फिरताना त्याच्या वहाणा झिजतात म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा वाहतात. बेताळभाटी गावाच्या तर नावातच तो आहे. अशा राखणदाराला रक्तशोष्या कसे ठरवायचे? वेताळाला काही ठिकाणी कोंबड्याचा, बकऱ्याचा बळी देतात हे खरे, पण भक्ताने दिलेला बळी घेणे वेगळे आणि झोपलेल्या माणसाचे रक्त पिणे वेगळे.

वेताळपंचविंशीतला वेताळ प्रेतात राहतो, पण राजाला गोष्टी सांगतो, कोडी घालतो आणि शेवटी कपटी योग्याचा डाव उघड करून त्याचा जीव वाचवतो. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये या कथांच्या इंग्रजी रूपाला 'विक्रम अँड द व्हँपायर' असे नाव दिले. माझ्या मते त्या नावाने वेताळावर अन्यायच केला.

मुळात व्हँपायर तरी एक कुठे आहे? १७२५ मध्ये सर्बियातल्या एका खेड्यात लोकांनी पेटार ब्लागोयेविच या शेतकऱ्याचे प्रेत उकरले. ते ताजे दिसले, तोंडाला रक्त होते, म्हणून हाच थडग्यातून उठून रक्त पिणारा व्हँपायर असे समजून त्यांनी छातीत खुंटा ठोकून ते जाळले. सडताना वायूने प्रेत फुगते आणि तोंडातून लालसर द्रव येतो, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते. या ओबडधोबड मढ्याचा देखणा उमराव केला तो १८१९ मध्ये जॉन पॉलिडोरी या इंग्रज लेखकाच्या कथेने. ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला (१८९७) व्हँपायर ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. उन्हाने मरण्याची कल्पना पुढे १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटाने रुजवली. अलीकडे तर व्हँपायर विरही प्रियकर झाला आहे.

म्हणून गोष्ट जुन्या खेड्यातली असेल तर 'रक्तपिपासू प्रेत' म्हणा. नुसते 'पिशाच' अपुरे पडते, कारण आपली हडळ किंवा मुंजा दुसऱ्याला झपाटतात, हा मात्र स्वतःच्याच देहाने उठतो. उमरावासाठी आणि प्रियकरासाठी सरळ 'व्हँपायर' लिहा, मुलांना तो शब्द ठाऊक असतो. 'ड्रॅक्युला' हे एका पात्राचे नाव आहे, ते सगळ्यांना लावू नका.