सासूबाईंच्या हातचं मीठ

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, अजून रोजचा स्वयंपाक त्याच करतात. वर्षभरापासून आमटीत कधी दोनदा मीठ पडतं, कधी पडतच नाही. मागच्या आठवड्यात भुट्ट्याचा कीस खाली लागला, घरभर वास सुटला, पण शेजारी उभ्या असून त्यांना कळलं नाही. मुलं गुपचूप बाहेरून मागवतात. परवा कचऱ्याच्या डब्यात पार्सलचे डबे त्यांना दिसले आणि त्या न जेवताच झोपल्या. हे म्हणतात, आईला आता आराम दे. मला ते पटत नाही, पण आहे तेही निभत नाही."

प्रिय ताई,

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. माझ्या आईच्या हातून तीन-चारदा दूध करपलं, तेव्हा आम्ही भावंडांनी स्वयंपाकाला बाई लावली आणि आईला म्हटलं, आता निवांत बस. मग रोज अकराच्या सुमाराला ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन बाईंना विचारायची, "आज काय करताय?" तोवर हा प्रश्न आम्ही तिला विचारत आलो होतो. ती बोच अजून गेलेली नाही. म्हणून कळकळीने सांगते, त्यांच्या हातातला डाव काढून घेऊ नका.

पण आधी डॉक्टरांकडे न्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर ठेवा. वयाबरोबर जीभ आणि नाक दोन्ही मंदावतात, काही औषधांनीही तोंडाची चव बदलते. मीठ लागत नाही म्हणून पुन्हा घालणं वेगळं, आणि घातलेलं न आठवणं वेगळं. त्यांचं नेमकं काय होतंय ते डॉक्टरांनाच पाहू द्या. गोळ्या घेतल्या की नाही, ओळखीची नावं, नेहमीचा रस्ता, यांतही गोंधळ होतो का, तेही त्यांना सांगा.

लागलेल्या किसाचा वास आला नाही, याचं मला जास्त भय वाटतं. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, आणि तोच त्यांना येणार नाही. शेगडी पेटलेली असताना घरातलं कुणीतरी जवळ हवं. रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम यजमानांनी अंगावर घ्यावं.

मिठाचं असं करा. सकाळी दोघींनी मिळून त्या स्वयंपाकाचं मीठ एका छोट्या वाटीत काढायचं, बरणी वर ठेवून द्यायची. वाटी रिकामी झाली की मीठ पडलं, भरलेली असली की राहिलं. आठवायची गरजच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. त्यात लोणचं, पापड आणि आपल्या इंदुरी ताटातली शेव आणि वरून भुरभुरायचा जिरावण मसालाही आला, तेव्हा वाटी लहानच घ्या.

पार्सलबद्दल मात्र मुलांनी स्वतः आजीजवळ जाऊन बोलावं. आमटी खारट झाली होती, तुला वाईट वाटेल म्हणून लपवलं, चुकलं आमचं, एवढं पुरे. खारट आमटीपेक्षा लपवाछपवी त्यांना जास्त लागली असणार. त्या रडल्या, रागावल्या तरी चालेल. त्या बोलत्या होऊ देत.

आणि या रविवारी पुन्हा कीस करा. भुट्टे त्यांनाच निवडू द्या, दाण्याला नख लावून दूध निघतं का ते पाहणं त्यांच्या हातात मुरलेलं आहे. किसायचं काम मुलांना द्या. सासूबाईंना ओट्याशी स्टुलावर बसवा. तूप, मोहरी, हिंग, मिरची त्यांच्या हातची आणि कालथा तुमच्या हातात. मंद आचेवर, तळापासून सतत हलवायचं, कारण दूध घातलं की कीस पटकन लागतो. दूध कधी घालायचं, किती आटवायचं, ते त्यांना विचारत राहा. नाकाने साथ सोडली असली तरी कडेने तूप सुटलेलं त्यांना दिसेल. "बस, उतरव आता" असं त्या म्हणेपर्यंत गॅस बंद करू नका.

तुमची,
ताई