आजी तेहरानात, नात टोरंटोत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी सून इराणी, मुलाबरोबर टोरंटोला असते. नातीसाठी तिच्या आईकडची वंशावळ लिहून काढते आहे. सुनेची आजी, आई आणि ती स्वतः, तिघींची आडनावं वेगळी. शिवाय आजीचा जन्म 1319 चा आणि आईचं लग्न 2536 सालचं! कागद खरे आहेत ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खरे आहेत. इराणमध्ये बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, मुलांना मात्र वडिलांचं लागतं. त्यामुळे आईकडून वर जाताना प्रत्येक पिढीला आडनाव बदलत जातं. आडनावावरून शोध घेऊ नका, शेनासनामेवरून घ्या. जन्म, लग्न, मुलं, मृत्यू यांच्या नोंदींची ही सरकारी पुस्तिका. तिच्यात आईवडिलांच्या नावांजवळ सहसा त्यांच्या पुस्तिकांचे क्रमांक असतात. सुनेच्या पुस्तिकेतला आईचा क्रमांक आईच्या पुस्तिकेशी ताडून पाहा, मग आईच्या पुस्तिकेतल्या मुलांच्या नोंदींत सुनेचं नाव शोधा. दोन्हीकडून जुळलं तरच रेघ ओढा. नातीच्या पणजीच्या, म्हणजे सुनेच्या आजीच्या, मागे फार अपेक्षा ठेवू नका. नोंदणी 1918 मध्ये सुरू झाली, आडनाव सक्तीचं झालं 1925 मध्ये; त्याआधी जन्मलेल्या बायकांची जन्मसालं बऱ्याचदा अंदाजानेच घातलेली असतात.

आता सालं. इराणी सौर वर्ष 21 मार्चच्या आसपास सुरू होतं. तारीख ‘दे’ या दहाव्या महिन्याच्या साधारण 10 तारखेपर्यंतची असेल तर सालात 621 मिळवा, पुढची असेल तर 622. बहुतेक चुका इथेच होतात: सरसकट 621 मिळवलं की जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या बाईचं वय कागदावर एका वर्षाने वाढतं. 2536 ची गोष्ट वेगळी. इराणच्या राजाने, म्हणजे शहाने, 1976 मध्ये शाही सन लागू केला आणि 1978 मध्ये तो मागे घेतला गेला. त्या काळातल्या सालातून आधी 1180 वजा करायचे. म्हणजे 20 बहमन (अकरावा महिना) 2536 ही 20 बहमन 1356, आणि आपल्या हिशेबाने 9 फेब्रुवारी 1978. वंशावळीत मूळ इराणी तारीखही शेजारी लिहून ठेवा. पुढे कुणाला पडताळायचं झालं तर तीच उपयोगी पडेल.

प्रश्न : एकाच इराणी घरातल्या बायका इतक्या वेगवेगळ्या देशांत कशा पांगल्या? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सगळ्या एकदम बाहेर पडल्या नाहीत म्हणून. 1979 च्या क्रांतीनंतर ज्यांना जमलं ते अमेरिकेत गेले. लॉस एंजेलिसचा वेस्टवुड भाग तेव्हापासून इराणी झाला. 1980 ते 1988 च्या इराकयुद्धात अनेक घरांनी कोवळी मुलं तुर्कस्तानमार्गे बाहेर काढली, मुली आणि आया मागे राहिल्या. पुढे शिक्षणासाठी जाणाऱ्यांत मुली मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांतल्या कित्येक कॅनडात स्थिरावल्या. कायदाही पिढीगणिक पालटला. मुलीच्या लग्नाचं किमान वय आजीच्या वेळी 15 होतं, 1975 मध्ये ते 18 झालं, क्रांतीनंतर 9 चांद्र वर्षांवर आलं आणि 2002 मध्ये 13 वर गेलं. म्हणून आजीची, आईची आणि मावशीची लग्नं तीन वेगळ्या कायद्यांखाली लागलेली असू शकतात. एखाद्या मावशीने मुलींना घेऊन देश का सोडला, हे समजून घ्यायला एवढंही पुरेसं आहे.

प्रश्न : नातीला आईमुळे इराणी नागरिकत्व मिळेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वडील इराणी असते तर ती जगात कुठेही जन्मून इराणीच ठरली असती. आईच्या बाजूने वाट उघडली ती 2019 मध्ये: मूल 18 वर्षांचं होईपर्यंत आईने अर्ज करायचा, त्यानंतर मुलाने स्वतः. पण हा कायदा शरियतनुसार झालेल्या लग्नातल्या अपत्यांपुरताच आहे. मुस्लिम स्त्रीने मुस्लिमेतर पुरुषाशी केलेलं लग्न इराण मानत नाही, आणि परदेशी पुरुषाशी लग्न करायला सरकारी परवानगीही लागते. लग्न फक्त टोरंटोत नोंदलेलं असेल तर अर्ज तिथेच अडेल. मिळत असलं तरी आमच्या मते घाई करू नये. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे तिथे नातीवर काही प्रसंग आला तर कॅनडाला फारसं काही करता येणार नाही.

प्रश्न : शेजारच्या इराणी मुलीला तेहरानहून आजीला बोलवायचंय. कुठून सुरुवात करावी? (एक वाचक, मिसिसागा)

उत्तर : कॅनडाच्या सुपर व्हिसापासून. तो फक्त आईवडील आणि आजीआजोबांसाठी असतो, मावशीला चालत नाही. बोलावणारी नात कॅनडाची नागरिक किंवा कायम रहिवासी हवी. तिचं निमंत्रणपत्र, उत्पन्नाचा पुरावा, आजीची वैद्यकीय तपासणी आणि किमान वर्षभराचा 1 लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो. एका खेपेला 5 वर्षांपर्यंत राहता येतं. तेहरानमधली कॅनडाची वकिलात 2012 पासून बंद आहे, म्हणून बोटांचे ठसे द्यायला लोक अंकाराला वगैरे जातात. आजीने वयाची 79 वर्षं ओलांडली असतील तर ठसे लागत नाहीत. हे ठाऊक नसल्याने थकलेल्या बायकांना उगाच प्रवास घडवला जातो. नात्याच्या पुराव्याला दोन्ही पुस्तिका जोडा, आजीची आणि मधल्या आईची. भाषांतरात नावांचं स्पेलिंग पासपोर्टातलंच हवं, एक अक्षर इकडचं तिकडे नको.

प्रश्न : आजीने व्हिडिओ कॉलवर सांगितलेली घोर्मे सब्जी (मटण आणि हिरव्या पाल्याची इराणी रस्साभाजी) सुनेने केली, कडू झाली. कुठे चुकलं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बहुधा मेथीत. आपल्याकडे जुडीच्या जुडी पडते, इथे मेथी नावाला हवी. अर्धा किलो मटणाला पार्सली 250 ग्रॅम, तरे म्हणजे कांद्याच्या पातीसारखा इराणी पाला 200, कोथिंबीर 150 आणि ताजी मेथी फक्त 30 ग्रॅम. पाला धुऊन पूर्ण कोरडा करा, बारीक चिरा आणि भरपूर तेलात मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं परता. रंग गडद हिरवा झाला की थांबा. काळा पडला तर कडवटपणा जात नाही. कडूपणाचं दुसरं कारण सुकी लिंबं. 4 लिंबं गरम पाण्यात भिजवून, टोचून, बिया काढून शेवटच्या तासात घाला, सुरुवातीला नाही. भिजवून शिजवलेला राजमाही त्याच वेळी. सगळं मिळून अडीच-तीन तास लागतात. आजी ‘एक मूठ’ म्हणेल तेव्हा तिला तिची मूठ तिकडच्या काट्यावर ठेवायला सांगा आणि ग्रॅम लिहून घ्या.

प्रश्न : नवरोजला सगळ्यांनी एकत्र फोन किती वाजता लावायचा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नवं वर्ष वसंतातल्या विषुवाच्या, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या, क्षणी लागतं आणि तो क्षण जगभर एकच. 2026 मध्ये 20 मार्चला तेहरानात संध्याकाळचे 6:16, टोरंटोत सकाळचे 10:46, लॉस एंजेलिसला 7:46, आपल्याकडे रात्रीचे 8:16. दरवर्षी वेळ बदलते. इराणने 2022 नंतर घड्याळं पुढेमागे करणं सोडलं, म्हणून टोरंटोशी फरक उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ तासांचा धरा. लाइनवर गर्दी होते, तेव्हा दहा मिनिटं आधीच जोडून घ्या.