चहाचं चिनी अक्षर: अर्थ काय, आलं कुठून?

उच्चार ‘छा’. वर गवताची खूण, मधे माणूस, खाली झाड. म्हणून ‘झाडापानांत बसलेला माणूस’ असा अर्थ बरेच जण सांगतात. ऐकायला गोड आहे, पण तो मागाहून चिकटवलेला.

खरं तर एका जुन्या अक्षरातली एक आडवी रेघ गाळली आणि हे अक्षर झालं. ते जुनं अक्षर ‘थू’, म्हणजे एक कडू पालेभाजी. (कडू चवीला आपल्या कानांना शोभेलसंच नाव!) चहाचा पालाही कडूच, त्यामुळे दोन्हींना तेच अक्षर चालायचं. थांग राजवटीत, साधारण आठव्या शतकात, चहा पिणं सर्वत्र पसरलं, तेव्हा रेघ गाळलेलं रूप रुळलं. लू यू या चिनी लेखकाने चहावर ग्रंथ लिहिला तोही याच काळात.

हेच अक्षर चीनच्या फुजियान प्रांताच्या दक्षिण भागात ‘ते’ असं वाचतात. डच व्यापाऱ्यांमार्फत त्याचं युरोपात ‘टी’ झालं. आपला चहा आणि गावाकडचा ‘च्या’ मात्र ‘छा’च्याच घराण्यातले.

जपानमध्ये १०८ वर्षं पूर्ण झाली की ‘चाजू’, म्हणजे चहा-वय म्हणतात. अक्षराची वरची खूण दोन चिनी दहांसारखी दिसते, म्हणजे २०. खालच्या रेघा सुट्या केल्या की चिनी आकड्यांत ८८. दोन्ही मिळून १०८.