ताम्हिणीला बाइकवर निघतोयस, तर हे सोबत घे

गाडीबरोबर आलेल्या टूलकिटवर विसंबू नकोस. त्यातले पाने एकदा घरीच नटावर लावून बघ, निम्मे तरी घसरतील. मी 10-11 आणि 12-13 मिमीचे चांगले पाने, स्पार्क प्लग खोलायचा प्लगपाना, पक्कड, चिकटपट्टी आणि हातभर बाइंडिंग तार घेतो. बाकी सगळं ओझं.

क्लचची जास्तीची केबल मात्र हवीच. ती पिशवीत नको. जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून दोन्ही टोकं टेपने बांधून ठेव. माझी केबल ताम्हिणीत भर पावसात तुटली होती. टाकी न उतरवता नुसती टोकं बदलली आणि निघालो.

ट्यूबलेस टायरमधला खिळा दिसला की लगेच उपटू नकोस. आधी पंक्चर किटमधल्या सुईत वात (रबराची चिकट पट्टी) ओवून सोल्यूशन लाव. मग खिळा काढ, भोकात रीमर (खरबरीत दाभण) फिरव, वातीची टोकं बोटभर बाहेर राहतील इतकीच आत दाब आणि सुई झटक्यात ओढ. पंप विसरलास तर सगळं फुकट. (हसू नकोस, मी विसरलोय.)

आणि हो, डोक्याला बांधायची बॅटरी घे. मोबाइल दातात धरून नट खोलून बघ एकदा, कळेल.