पॉलिफनी ८ असूनही सिंथमधला आधीचा सूर का तुटतो?

गिरगावातल्या मंडळाच्या आरतीसाठी लॅपटॉपवरच्या सिंथवर, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पॅड (लांब, मऊ सुरांचा आवाज) वाजवताय, पॉलिफनी ८ आहे, एका वेळी चारच पट्ट्या दाबता, तरी सूर तुटतात, हा तुमचा प्रश्न. कारण असं की पट्टीवरून बोट उचललं म्हणून व्हॉइस लगेच मोकळा होत नाही.

व्हॉइस म्हणजे एक सूर वाजवायला लागणारा अख्खा संच: आवाज निर्माण करणारा ऑसिलेटर, त्याचा पोत बदलणारा फिल्टर, चढउतार ठरवणारा एन्व्हलप. असे किती संच एकदम चालतील, ती पॉलिफनी. रिलीज, म्हणजे बोट उचलल्यावर सूर विरायला लागणारा वेळ, ३ सेकंद असेल तर सोडलेला सूरही तेवढा वेळ व्हॉइस अडवून बसतो. पहिल्या कॉर्डचे (एकदम दाबलेल्या सुरांचे) ४, दुसरीचे ४, झाले ८. तेवढ्यात तिसरी आली की सिंथ जुना सूर, बहुतेकदा सगळ्यात आधीचा, कापून जागा करतो. सूर धरून ठेवणारं सस्टेन पेडल दाबून ठेवलंत तर आणखी लवकर.

१९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथमध्ये पाचच व्हॉइस होते, कारण प्रत्येकाला स्वतंत्र सर्किट लागायचं. सॉफ्टवेअरमध्ये अडचण मुख्यतः प्रोसेसरची. म्हणून पॉलिफनी १६ करून बघा. पण माझं मत विचाराल तर आधी रिलीज कमी करा, कॉर्डही स्वच्छ ऐकू येतील. युनिझन (एकाच सुराचे अनेक थर एकत्र वाजवणं) चालू असेल तर तेही तपासा, काही सिंथमध्ये ते एकाच सुराला अनेक व्हॉइस खातं. बेसला मात्र मोनोच, म्हणजे एका वेळी एकच सूर, ठेवा.